शाळेच्या टाकीतून आणलेले गोल्डफिश एकेक करून जाऊन राहिले, औषध कोणतं टाकू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शाळेतली काचेची टाकी बंद करायची ठरली म्हणून तुम्ही त्यातले ७ गोल्डफिश आणि १ सकर, म्हणजे काचेला तोंडानं चिकटणारा मासा, घरी आणले, बोअरच्या पाण्यानं टब भरला, शाळेतलं अर्धी बादली पाणी माशांसकट त्यात ओतलं आणि पहिल्याच रात्री २ गेले. मग उरलेल्यांच्या अंगावर पांढरे दाणे दिसले, एकाची शेपटी कुजल्यासारखी झाली, एक तळाशी तिरपा पडून राहतो. दुकानातून निळं औषध आणून टाकलं, सगळंच्या सगळं पाणी दोन वेळा बदललं, तरी आज सकाळी तिसरा गेला. आता तुम्ही विचारून राहिल्या की याच्याहून कडक औषध कोणतं.

कडक औषध शोधू नका. आज रात्री टबात कोणतंच औषध टाकू नका. मी पवनीकडे राहतो, १७ वर्षांपासून रंगीत मासे वाढवतो, आणि लोकांनी नको झाले म्हणून सोडून दिलेले मासे माझ्याकडे वर्षभर येत राहतात. बदली झालेल्या साहेबांच्या क्वार्टरमधले, बंद पडलेल्या दुकानातले, वाढदिवसाला काचेच्या वाटीत भेट आलेले. माझा अनुभव असा की असे आणलेले मासे पहिल्या चार दिवसांत रोगानं फार कमी मरतात. ते पाण्यानं मरतात, नाहीतर औषधानं.

तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. शिपाईदादा शाळेत टाकीला पिण्याच्या आरओ कॅनचं पाणी टाकायचे. चांगल्या मनानं टाकायचे, पण घोळ तिथूनच सुरू झाला. माशाच्या शी-शूचा आणि उरलेल्या खाद्याचा अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजमधले चांगले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. या कामात पाण्यातला क्षार खर्च होत जातो. आरओच्या पाण्यात क्षार मुळातच नसल्यासारखा, म्हणून पाणी हळूहळू आंबट होते, पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबट-खारेपणाचं माप, खाली येतो, जिवाणूंचं काम मंदावते आणि अमोनिया साचत जातो. पण आंबट पाण्यात तो बिनविषारी रूपात पडून राहतो, म्हणून मासे तसेच दिवस काढतात, सुस्त असतात पण जिवंत असतात. आता तेच पाणी आणि तेच मासे तुम्ही आपल्या बोअरच्या जड, खाऱ्या पाण्यात सोडले. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो. शिवाय बोअरचं ताजं पाणी काढल्याबरोबर जे असते ते सकाळी नसते, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड रात्रभरात उडून जातो आणि पीएच आणखी चढतो. म्हणून संध्याकाळी पोहणारे मासे सकाळी मेलेले. त्यांना तोवर कोणताच रोग झालेला नव्हता, कल्ले जळले.

आणि मग निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू. ते वाईट नाही, अंड्यांवरच्या बुरशीला मी पण वापरतो. पण ते चांगल्या जिवाणूंनाही मारते, म्हणजे अमोनिया खाणारं जे थोडंफार होतं तेही गेलं. त्यावर दोनदा पूर्ण पाणी बदललं, म्हणजे माशाला दोनदा नवीन धक्का. तुमची चूक काढून नाही राहिलो ताई, दुकानात सगळ्यांना हेच सांगतात, आणि घाबरलेला माणूस हेच करतो.

तर आज काय करायचं ते सांगतो. पहिले तो टब मोजा. २० लिटरची पाण्याची कॅन असते ना, तिनं मोजून किती पाणी बसते ते बाहेरून मार्करनं लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब यावर आहे. काचेची टाकी असली तर लांबी-रुंदी-उंची इंचात गुणायची आणि ६१ नं भागायचं, २४ बाय १२ बाय १५ ची टाकी म्हणजे ७० लिटर, गोटे धरून ६० च समजा. दुसऱ्या एका भांड्यात बोअरचं पाणी काढून त्यात एअर पंप लावून रात्रभर ठेवा, आणि उद्यापासून रोज टबातलं पाव भाग पाणी काढून हे मुरलेलं पाणी टाका, हळूहळू, मगानं, दोन्ही पाणी हाताला सारखंच गार लागलं पायजे. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी असेल तर त्यात ब्लिचिंग पावडर असते, ते दिवसभर उघडं हवेवर ठेवा नाहीतर सोडियम थायोसल्फेटचे खडे भेटतात, ज्याला दुकानदार अँटी-क्लोरीन म्हणतात, ते टाका. दोन दिवस खायला देऊ नका. गोल्डफिश उपाशी मरत नाही, आठवडाभर सहज काढतो, पण खाल्लेल्याचा अमोनिया मात्र होतो. अमोनिया तपासायची थेंबांची किट नागपूरला भेटते, ऑनलाइनही येते, औषधाच्या पाच बाटल्यांपेक्षा ती एक घ्या.

शाळेतला फिल्टर अजून पाण्यात असेल, तर सकाळी शाळा उघडल्याबरोबर त्याचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून डब्यात घालून आणा आणि लगेच टबात लावा. नळाखाली धुवायचा नाही. वाळला असेल तर काही उपयोग नाही, ते जिवाणू ओलाव्यात आणि हवेतच जगतात.

आता पांढरे दाणे. मोबाइलचा टॉर्च बाजूनं मारून नीट पाहा, घाई करू नका. दाणे रव्यासारखे, सुटेसुटे, शेपटीवर, परांवर, अंगावर कुठेही असतील आणि मासा टबाच्या कडेला अंग घासत असेल तर तो इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पण दाणे फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि बाजूच्या पराच्या पहिल्या काडीवर ओळीनं असतील, मासा बाकी ठणठणीत असेल, तर तो रोग नाही, तो नर आहे आणि प्रजननाच्या दिवसांत नराला असे दाणे येतात. मी पहिल्या वर्षी अशा चांगल्या नराला आठ दिवस औषधात ठेवून मारला, ते अजून लागून आहे मनाला, म्हणून प्रत्येकाला हे सांगतो.

इक असेल तर त्याचं चक्र समजून घ्या, नाहीतर औषध फुकट जाते. इक्थियोफ्थिरियस नावाचा एकपेशीय जीव आहे. अंगावर दिसणारा दाणा कातडीच्या आत असतो, तिथं त्याला कोणतंच औषध लागत नाही. तो पिकला की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, आत त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती बाहेर पडून दुसरा मासा शोधत पोहतात. त्या पोहणाऱ्या पिल्लांनाच मीठ आणि औषध मारते. म्हणून औषध टाकल्यावर दोन दिवसांत दाणे वाढलेले दिसले तरी घाबरायचं नाही, आणि दाणे गेलेले दिसले म्हणून थांबायचंही नाही. पंचवीसेक अंशांच्या पाण्यात हे सगळं चक्र चार-सहा दिवसांत फिरते, पण आता या थंडीत टबाचं पाणी रात्री १५-१६ वर येते तेव्हा तेच दोन आठवड्यांवर जाते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत लोक म्हणतात की इक जातच नाही. जातो, पण पाणी गरम केलं तर लवकर जातो. ५० लिटरला ५० वॅटचा हीटर पुरते, दिवसाला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त नाही असं चढवत २८ पर्यंत न्या, आणि हवा भरपूर सोडा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावते. पण थांबा, शेपटीबद्दल पुढे लिहिलं ते वाचल्याशिवाय हीटर लावू नका.

मीठ किराण्यातलं खड्याचं, साधं. गोल्डफिशला लिटरला ३ ग्रॅम चालते. टब ५० लिटरचा असेल तर १५० ग्रॅम. दुकानदारालाच ५०-५० ग्रॅमच्या तीन पुड्या बांधून मागा. एक पुडी मगात विरघळवून आज, दुसरी बारा तासांनी, तिसरी त्याच्या बारा तासांनी. खडे थेट टबात टाकू नका, मासा त्यावर बसला तर कातडी जळते. आणि यात लोक हमखास चुकतात ते असं, की पाणी आटलं म्हणून वरून भरताना परत मीठ टाकतात. मीठ वाफेत उडत नाही. आटलेल्याच्या जागी साधं पाणी, आणि जेवढं पाणी तुम्ही काढून बदललं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ. शेवटचा दाणा दिसेनासा झाल्यावरही पाण्याला ऊब असेल तर किमान आणखी एक आठवडा ठेवा. मिठाचा दुसरा फायदा असा की नायट्राइट वाढला असेल तर मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यातून रक्तात शिरू देत नाही, म्हणून चांगले जिवाणू अजून न बसलेल्या नवीन टबात मीठ दोन्हीकडून कामाचं. सकर मात्र वेगळ्या टबात काढा, औषधं-मीठ त्याला लवकर लागते. त्याला लिटरला १ ग्रॅमच, आणि मुख्य भर गरम पाण्यावर.

शेपटीचं आता. कडा पांढुरक्या, फाटक्या, आणि काडीकाडीनं झिजत जाते ती साधी फिन रॉट, घाणेरड्या पाण्यातले जिवाणू अशक्त माशाला धरतात. दहापैकी आठ वेळा पाणी सुधारलं आणि लिटरला २-३ ग्रॅम मीठ राहिलं की ती थांबते, आणि पंधरा दिवसांत पारदर्शक नवीन पर दिसतो. तो काचेसारखा पर दिसला की समजायचं मासा वाचला. पण तोंडाशी कापसासारखं काही चिकटलं असेल, पाठीवर खोगिरासारखा फिका पट्टा असेल आणि रोज वाढत असेल, तर ती बुरशी नाही, लोक तिला बुरशी समजून निळं औषध टाकत राहतात. तो कॉलम्नारिस नावाचा जिवाणू आहे आणि तो गरम पाण्यात जास्त जोरानं वाढतो. म्हणून म्हटलं की आधी पाहा. कापूस असेल तर तो मासा वेगळा काढा आणि त्याचं पाणी २४ च्या वर नेऊ नका. खरी बुरशी लांब, मोकळ्या तंतूंची असते, आणि बहुतेक जुन्या जखमेवर, मेलेल्या कातडीवर बसते.

अँटिबायोटिकचं विचाराल म्हणून सांगतो, मेडिकलमधून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायच्या नाहीत. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम इतकं की ते औषध त्यालाच चिकटून बसते, माशापर्यंत फार थोडं पोचते आणि पाणी लाल-तपकिरी होते. उरतं काय, तर औषधाला न जुमानणारे जिवाणू. खरंच गरज पडली तर खाद्यात मिसळून द्यावं लागते आणि ते पशुवैद्यकाला विचारून. तुमच्या गावच्या दवाखान्यातले डॉक्टर मासा पाहायला आधी नाही म्हणतील, पण फोटो आणि अमोनियाचा आकडा घेऊन गेल्या तर ऐकतात. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथंही विचारता येते.

तळाशी तिरपा पडलेला मासा गोल पोटाचा, दुहेरी शेपटीचा आहे असं तुम्ही लिहिलं. अशा जातीत पोट आखूड, आतडी दाबलेली, कोरडं तरंगतं खाद्य खाऊन पोट फुगते आणि तोल जातो. तीन दिवस उपाशी ठेवा, मग वाटाण्याचा एक दाणा उकडून, साल काढून, बोटानं चेपून द्या, आता बाजारात हिरवे वाटाणे स्वस्तच आहेत. टबातलं पाणी वीतभरच ठेवा म्हणजे वर हवा घ्यायला त्याला दम लागणार नाही. पण वरून पाहिल्यावर खवले देवदाराच्या शंकूसारखे उभे राहिलेले दिसले आणि पोट सुटलं असेल, तर ते जलोदर, आतून किडनी गेलेली असते. अशा वेळी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला १ ते २ ग्रॅम दिल्यानं सूज थोडी उतरते, पण मी खोटी आशा देत नाही, यातून क्वचितच मासा उठतो. उठणार नाही हे दिसलं तर त्याला नालीत टाकू नका, जिवंतपणी मातीत पुरूही नका. लवंगेचं तेल कोमट पाण्याच्या बाटलीत जोरात हलवून, लिटरला ८-१० थेंब पडतील असं छोट्या भांड्यात मिसळा. मासा त्यात शांत झोपतो. कल्ले हलायचे थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवा.

रोज एकदा अंगावर अँकर वर्म शोधत जा. खवल्याच्या बुडाशी लाल ठिपका आणि त्यातून निघालेला पांढरा-हिरवट दोरा, अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा. मासा ओल्या फडक्यात धरायचा, डोळे झाकायचे, चिमट्यानं दोरा अगदी बुडाशी पकडून खवल्याच्या दिशेनं सावकाश ओढायचा. वरून ओढला तर तुटतो आणि आतला काटा तसाच राहतो. जागेवर कापसानं बीटाडीनचा एक ठिपका, कल्ल्यात जाऊ द्यायचा नाही, आणि मासा परत पाण्यात. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात. हे जनावर आणि माशाची ऊ, चपटी गोल, अंगावर सरकते ती, दोन्ही गोल्डफिशसोबत येतात. कोणी सांगेल की शेतातलं फवारणीचं औषध थेंबभर टाका, ऊ मरते. तळ्यात मोजून वापरतात ते खरं, पण टबात थेंब म्हणजे मासा गेलाच.

त्यावरून आठवलं, आता हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी चालू आहे, तर ज्या बादलीत औषध कालवलं ती बादली माशाच्या पाण्याला कधीच नको, धुतली तरी नको. आणि खोलीत मच्छरचं लिक्विड मशीन चालू असेल तर ते बंद करा. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि ती औषधं माशाला फार विषारी. २०१४ च्या पावसाळ्यात मी पंपाशेजारच्या बोर्डात असं मशीन लावून झोपलो, सकाळी ११ मासे वर तरंगत होते, पाणी तपासलं तर सगळं बरोबर. दोन दिवस मला कळलं नाही की काहून मेले.

तुमच्या हाताला जखम असेल तर टबात हात घालताना रबरी हातमोजे घाला. माशाला एक क्षयासारखा रोग असतो, मासा खात असूनही वाळत जातो, पाठ वाकते, अंगावर फोड येतात. त्याचा जिवाणू माणसाच्या बोटाला लागला तर महिनोन्महिने न भरणारी गाठ होते. असं काही झालं तर डॉक्टरला माशाचं काम करतो हे आठवणीनं सांगा, नाहीतर त्यांच्या लक्षात येत नाही.

आणि हे मासे कितीही जड झाले तरी, विशेषतः तो सकर, मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, किंवा वैनगंगेत सोडू नका. सकर आता वीतभर आहे, दीड फुटापर्यंत जातो, त्याचे काटे ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, जाळी फाडतात, आणि गोल्डफिशच्या अंगावरचं अँकर वर्म रोहू-कटल्याला लागते. औषधाचं, मिठाचं पाणीही तलावाकडे नाही, विहिरीजवळ नाही, कोरड्या पडीत जागेवर ओता. सांभाळणं होत नसेल तर मला कळवा, माझ्याकडे सिमेंटची एक टाकी रिकामी आहे, पंधरा दिवस वेगळे ठेवून मग त्यात घेईन. पण आधी उद्या सकाळी तो स्पंज आणा, आणि संध्याकाळी टबाचा आकडा आणि त्या शेपटीचा बाजूनं काढलेला फोटो पाठवा.